सोळा तास

कराडच्या आमच्या गल्लीत मला कोणी कधी ‘अमेरिका किती लांब आहे?’ असं विचारलं नाही. विचारायचे ते ‘किती तास लागतात?’ एसटीच्या हिशेबात वाढलेली माणसं. पुणं तीन तास, मुंबई सहा तास, तशी अमेरिका किती तास? सुरुवातीला मी ‘बावीस-तेवीस’ म्हणायचे. मग २०२२च्या डिसेंबरात एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–मुंबई थेट विमान सुरू झालं. ते सोळा-सतरा तासांचं होतं. आम्ही त्यातला लहान आकडा उचलला. बाबा दुकानात, देवळात, बँकेच्या रांगेत सांगू लागले, “आता सोळा तासांवर आली आमची मुलगी.” जणू कॅलिफोर्नियाच थोडी अलीकडे सरकली होती.

त्या विमानात मी एकदाही बसले नाही. ते रोज नव्हतं आणि पोस्टडॉकच्या पगारात परवडणारंही नव्हतं. पण आकडा घरात रुजला तो रुजलाच.

बाबा भूगोल शिकवायचे. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी एक जुना बारा इंची पृथ्वीगोल मागून घेतला होता. मी पीएचडीला निघाले तेव्हा त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं मला सॅन फ्रान्सिस्कोवर धरायला लावलं आणि ताणला. दोरा पॅसिफिकवरून गेला नाही, अटलांटिकवरूनही नाही. तो हिमालय ओलांडून सैबेरियात शिरला, आर्क्टिक समुद्रावरून अलास्कात उतरला आणि तिथून खाली आला. भिंतीवरच्या नकाशात हा रस्ता दिसतच नाही. गणित केलं तर तो ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जातो. लांबी सुमारे १३,५०० किलोमीटर. गोलावर मात्र दोऱ्याचा तुकडा फुटाहून जेमतेम थोडा मोठा भरला. बाबांनी तो कापून पाकिटात ठेवला.

खरी विमानं या दोऱ्यावरून क्वचितच जातात. वारा कुठून वाहतो, कुठलं आकाश कोणाला बंद आहे, यावर त्यांचा रस्ता ठरतो. २०२२पासून रशियाचं आकाश अमेरिकी विमानांना बंद आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. किलोमीटर तेच राहतात, तास बदलतात.

माझा विषय भूकंपशास्त्र. आम्ही लांबची अंतरं किलोमीटरमध्ये मोजतच नाही, अंशांत मोजतो. माझं टेबल आणि मुंबई यांच्यात साडे एकशे एकवीस अंश आहेत. हा आकडा बाबांना फार आवडायचा, कारण भूकंपकेंद्रापासून साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्याला आम्ही छायाप्रदेश म्हणतो. पृथ्वीचा गाभा लहरींना वाकवतो, त्यामुळे या पट्ट्यात सरळ येणारी प्राथमिक लहर पोचतच नाही. पोचतात त्या वाकून, परावर्तित होऊन आलेल्या. या पट्ट्यातल्या अशाच अंधुक नोंदींवरून १९३६ साली इंगे लेहमान यांनी पृथ्वीला आणखी एक, आतला गाभा आहे हे दाखवलं. कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे, ११ डिसेंबर १९६७ला, बाबा चौदा वर्षांचे होते. चार वाजून एकवीस मिनिटांनी सगळी गल्ली थंडीत रस्त्यावर आली होती. ती गोष्ट सांगून झाली की ते विचारायचे, “हाच धक्का आज बसला तर तुला कधी कळेल?” मी सांगायचे, गाभ्यातून वाकून येणारी लहर साधारण एकोणीस मिनिटांत, पृष्ठभागावरून येणाऱ्या तासाभरात. “आणि आम्ही फोन केला तर?” लगेच, बाबा. सेकंदाच्या आत.

२०२४च्या फेब्रुवारीत, इथे सोमवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, दादाचा फोन आला. तिकडे मंगळवारची सकाळ, सहा-दहा. बाबा वीस मिनिटांपूर्वी गेले होते. दादा जे बोलला त्यातलं मला एकच वाक्य धड आठवतं. “थांबायचं का?”

मी म्हणाले, “थांबा. सोळा तासांत पोचते.”

या एका वाक्याबद्दल मला लिहायचं आहे. दोन वर्षं मी ते उलटसुलट करून पाहते आहे.

त्या वाक्यात खोटं काय होतं? सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला सोळा तासांत जाता येतं, हे खरंच होतं. पण त्या दिवशी मिळालेलं विमान रात्री साडेअकराचं, आखातातल्या एका शहरात चार तासांचा मुक्काम घेऊन जाणारं. सोळा तास, मग चार, मग तीन. बुधवारी दुपारी बाराला मुंबई. विमानतळाबाहेर पडायला सव्वा तास. पुढे घाट, पुणं, हायवेची कामं, तीनशे दहा किलोमीटर, साडेसहा तास. बुधवारी संध्याकाळी पावणेआठला मी दारात उतरले. फोन आल्यापासून साडेसदतीस तासांनी. पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला होता आणि परत येणं वकिलातीच्या तारखेवर अवलंबून होतं. ते अंतर मी या हिशेबात धरतच नाही. ते माझं एकटीचं होतं.

पण साडेसदतीस तास माझ्या एकटीचे नव्हते. काकांनी ‘सोळा तास’ ऐकलं आणि सरळ हिशेब केला: सकाळचे सहा आणि सोळा, म्हणजे रात्री दहा. पोर रात्री येईल, उद्या उजाडता नेऊ. या हिशेबावर त्यांनी होकार दिला. त्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला होता, तो मला नंतर कळला: “मुलगा इथे आहे. अग्नी तो देणार. मग थांबायचं कशासाठी?” प्रश्न मुलगी-मुलगा या जुन्या वळणाचा वाटतो आणि आहेही. पण त्यात एक स्वच्छ विचारणा दडलेली आहे. विधीला माझी गरज नव्हती. मग गरज कोणाची होती? दादा म्हणाला, “ती आल्याशिवाय नाही.” काकांनी मान्य केलं, ते सोळा तासांपुरतं. खरा आकडा दादाला तिकीट निघाल्यावर कळला. तोवर थंड ठेवायची काचेची पेटी आली होती, पाहुण्यांना निरोप गेले होते, आणि एकदा ‘थांबतोय’ म्हटल्यावर ‘आता नाही थांबत’ म्हणणं कोणाच्याच तोंडून निघेना.

डॉक्टर रुग्णाची संमती घेतो तेव्हा त्याला काय काय सांगितलं होतं, यावर ती संमती खरी की नावापुरती हे ठरतं. मी त्या घराची संमती चुकीच्या आकड्यावर घेतली. फसवायच्या हेतूने नाही, हे कबूल. पण हेतू नव्हता एवढ्याने सुटका होत नाही. सोळा हा आकडा मी वर्षभर वापरत होते, कारण तो सगळ्यांना आवडत होता: बाबांना, आईला, सगळ्यात जास्त मला. सोळा तास म्हणजे ‘मी तशी जवळच आहे’. लांब राहणाऱ्या माणसाला स्वतःला रोज सांगायला असं काहीतरी लागतं. तुमच्याही घरात असा एक आकडा असेल, लंडनचा नऊ, दुबईचा तीन. वेळापत्रकात तो बरोबर असतो. फक्त तो एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा असतो, आणि आपल्यापैकी कोणाचेच आईबाप विमानतळावर राहत नाहीत.

आणि ते तास घालवतं कोण? मी विमानात बसले होते. कोणीतरी जेवण आणून देत होतं, पांघरूण देत होतं. समोरच्या पडद्यावर छोटं विमान सरकत होतं, उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ दाखवत होतं. मी रडले, झोपले, पुन्हा रडले. माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, आणि अशा वेळी तेही एक सुख असतं. तिकडे गल्लीत प्रेत असेपर्यंत घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी आली ती मुलांनी खाल्ली. आईने दोन दिवस फक्त चहा घेतला. हे मला काकूंनी सांगितलं, दहाव्यानंतर, भांडी आवरताना, माझ्याकडे न बघता. “तुला कोणी सांगितलं नसेल.” बुधवारी समोरच्या घरात साखरपुडा होता. त्यांनी तो आदल्या रात्रीत उचलून नातेवाइकांच्या घरी नेला, वाजंत्री रद्द केली. त्या मुलीची मी नंतर माफी मागितली, तर ती म्हणाली, “अहो ताई, त्यात काय!” या उत्तराचं पुढे काहीच करता येत नाही.

बुधवारी मी पोचले तेव्हा अंधार पडला होता. सूर्यास्तानंतर नेऊ नये असं काकांचं ठाम मत. पण त्यांनीच माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “आता शास्त्र राहू दे बाजूला.” रात्री नऊ वाजता आम्ही निघालो. मीही गेले.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात अंतराचा प्रश्न निघाला की पीटर सिंगर यांचा १९७२ सालचा ‘फॅमिन, अ‍ॅफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’ हा निबंध हमखास येतो. पूर्व बंगालमधले लाखो निर्वासित डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी विचारलं होतं: वाटेतल्या उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे चिखलात माखतील म्हणून तुम्ही पुढे जाल का? नाही ना? मग ते मूल दारात आहे की दहा हजार मैलांवर, याने काय फरक पडतो? अंतर ही नैतिक सबब नाही. पैशांच्या मदतीबाबत मला हे पटतं. पण तिथे जे पाठवायचं आहे ते पाठवता येतं, आणि कोणीही पाठवू शकतं. तळ्यातलं मूल माझ्याऐवजी दुसऱ्याने बाहेर काढलं तरी मूल वाचतंच. बाबांच्या उशाशी माझ्याऐवजी दुसरं कोणी बसलं, तर मी तिथे बसलेली नसते. उपस्थिती शरीरानेच न्यावी लागते, ताशी नऊशे किलोमीटरच्या वेगाने, आणि मग खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे ताशी वीसच्या.

मला जास्त छळतो तो दुसरा विचार. जे करणं शक्यच नाही ते कोणाचं कर्तव्य असू शकत नाही, हे कांटच्या नावाने सांगितलं जाणारं तत्त्व. आपण ते नकळत उलटं वापरतो: शक्य झालं, म्हणजे आता करायलाच हवं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने. तेव्हा तारायंत्र होतं, बातमी गेलीही असती. पण ‘थांबायचं का?’ हा प्रश्न कोणाच्या मनात आला नसता. दोन महिन्यांच्या अंतरावरच्या माणसाला कोणी दोषी धरत नाही, आणि तो माणूसही कोणाला थांबवून धरू शकत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या आपल्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जणांना तार मिळाली ती तिकडचं सगळं उरकल्यावर. त्यांनी इथे अपार्टमेंटमध्ये डोक्यावरून पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यांचं दुःख लहान होतं असं मुळीच नाही. पण त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

मला विचारलं गेलं. अंतर इतकं मोठं की वेळेवर पोचता येणार नाही, आणि इतकं लहान की थांबवून धरता येईल, अशा चमत्कारिक पट्ट्यात आपण राहतो. बातमी सेकंदात जाते, माणूस दीड दिवसात. या दोन वेगांच्या मधली सगळी जागा कोणीतरी बसून भरून काढतं. विमानं जलद झाल्याने ते ओझं कमी झालं नाही. ते आधी नव्हतंच; विमानांनी ते तयार केलं, आणि ठेवलं मात्र घरी असलेल्यांच्या मांडीवर.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ इथे बे एरियातच असतात, वयाने माझ्याहून मोठे. त्यांनी वडिलांच्या वेळी ‘थांबू नका’ असं सांगितलं आणि व्हिडिओ कॉलवर पाहिलं. भाच्याने फोन धरला होता. त्याचा हात भरून आला की फोन कलायचा, आणि चितेऐवजी नारळाची झाडं दिसायची. “मी बरोबर केलं,” ते मला म्हणाले. मग थोडं थांबून, “बरोबर केलं म्हणून काही वाटत नाही असं नाही.” त्यांच्यापुढे मला लाज वाटते आणि त्यांचा हेवाही वाटत नाही. यातून काही नियम निघेल असं मला वाटलं होतं, निघाला नाही. फार तर एवढंच म्हणेन की मी विचारायला हवं होतं: मला साडेसदतीस तास लागतील, तुम्हाला झेपेल का? मी विचारलं नाही. आज्ञा केली, आणि तीही अर्ध्याहून कमी आकड्यावर.

हे सगळं मी आईपुढे एकदा मांडलं. तिने अर्धंच ऐकलं. म्हणाली, “मला बरं वाटलं गं. शेवटचा महिना दवाखान्यातच गेला होता त्यांचा. दोन दिवस घरात होते, शांत. मी जवळ बसले होते.” म्हणजे जे मी तिच्यावर लादलं असं समजत होते, ते तिला मिळालं होतं? की हे ती माझ्यासाठी बोलत होती? काकू खोटं बोललेल्या नाहीत. आईही नसावी. एकच प्रतीक्षा एकीला शिक्षा आणि दुसरीला आधार वाटते, एकीलाच दोन्हीही वाटू शकते, आणि तिकीट काढणाऱ्याला त्यातलं काहीच आधी दिसत नाही. पण आईला बरं वाटलं म्हणून माझा आकडा बरोबर ठरत नाही. ते बरं वाटणं माझ्या हिशेबात नव्हतंच.

या ऑगस्टमध्ये माझा करार संपतो. वेलिंग्टनच्या एका जागेसाठी अर्ज करायचा म्हणून जाहिरात उघडली, आणि पगार वाचायच्या आधी विमानं बघितली. मुंबईपासून सुमारे १२,४०० किलोमीटर. इथल्यापेक्षा हजारभर किलोमीटरने जवळ, आणि तासांत जास्त लांब, कारण थेट काहीच नाही. काका विचारतात, “अगं, तुमच्या विषयाची सरकारी प्रयोगशाळा कराडातच आहे की!” आहे खरी. कोयनेच्या खोल विंधनविहिरींचा अभ्यास करणारी भूभौतिकी प्रयोगशाळा आमच्या गावातच आहे. आपल्याला हवी तेव्हा तिथे आपल्या कामाची जागा निघते असं नाही, हे काकांना समजावता येत नाही. आणि निघाली तर मी नक्की जाईन का, हे मलाही सांगता येत नाही.

बाबांचं पाकीट आईने मला दिलं. त्यात आधार कार्डाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि तो दोरा होता. आता पिवळा पडला आहे.

गेल्या रविवारी आईने फोनवर सहज विचारलं, “हल्ली किती तास लागतात गं?” मी क्षणभर थांबले. मग तिला सगळं ओळीने सांगितलं: घरातून किती आधी निघावं लागतं, मधला मुक्काम, मुंबईतून बाहेर पडणं, घाट, हायवे. “माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत चौतीस तास,” मी म्हणाले. “तिकीट लगेच मिळालं तर.”

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

“म्हणजे दोन दिवस धरू,” आई म्हणाली.